चांदण्यात तोडलेला बांबू

पुस्तकाचं पान दुमडणाऱ्या माणसाशी माझं पटत नाही. जव्हारच्या एका लहानशा वाचनालयात मी बावीस वर्षं ग्रंथपाल आहे. एवढ्या वर्षांत परत आलेल्या पुस्तकांतून मी काय काय काढलंय ते ऐकाल तर हसाल. एसटीचं तिकीट, केसांची पिन, औषधाची चिठ्ठी, नागलीच्या भाकरीचा वाळलेला तुकडा, आणि एकदा तर सुका बोंबील, अख्खा. तो कुणाचा ते मला माहीत आहे, पण ते गृहस्थ आता हयात नाहीत, तेव्हा राहू दे.

बोलून उपयोग होत नाही म्हटल्यावर मी दरवर्षी बुकमार्क करून वाटायला लागले. आमच्या वाचनालयात कोजागरीला संध्याकाळी वाचक जमतात, मसाला दूध होतं, आणि वर्षभर नेमाने वाचणाऱ्या बारा जणांना काहीतरी भेट देतात. ही भेट म्हणजे माझे बुकमार्क. जुन्या लग्नपत्रिका कापायच्या, वर भोक पाडायचं, लोकर ओवायची. फुकटातलं काम. एका वर्षी कापताना पत्रिकेवरचा गणपती सोंडेपाशी अर्धा झाला आणि तो नेमका आमच्या अध्यक्षांच्या वाट्याला आला. अध्यक्ष म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक. त्यांनी मला चारचौघांत ऐकवलं. मीही ऐकवलं. तेव्हापासून पत्रिकांचा मला कंटाळाच आला होता.

गेल्या वर्षी पाऊस सरता सरता एक पुस्तक परत आलं, त्यात बांबूची एक पट्टी होती. वीतभर लांब, नखाएवढी पातळ, हाताला कुठे टोचेल तर शपथ. पुस्तक आणणारी मुलगी नववीत होती, साखरशेतची, इथे वसतिगृहात राहून शिकणारी. दर शनिवारी यायची. आमच्याकडे एका कार्डावर एकच पुस्तक मिळायचं, पण ही आठवड्याला दोन वाचून आणायची, म्हणून हिला मी नियम मोडून दोन द्यायची. तसं मी कुणाला करत नसे. पट्टी कुणी केली विचारलं तर म्हणाली, आज्याने. आजा सुपं आणि टोपल्या करतो, बाजारात बसतो.

तो आजा मला बघून माहीत होता. आठवडी बाजारात सुकी मासळी विकणाऱ्या बाईच्या शेजारी त्याची जागा. बायका त्याच्याकडूनच सूप घ्यायच्या, भात साठवायची कणगीसुद्धा त्याचीच हवी असायची. त्याच्या कामाला भुंगा लागत नाही, हे मी त्यांच्याच तोंडून ऐकलं होतं. भुंगा म्हणजे बांबूला आतून पोखरणारा बारीक किडा. कणगीला भुंगा लागला तर कणगी जाते आणि तिच्यातल्या भातातही घाण होते, त्यामुळे बायका या बाबतीत फार कडक.

माझ्या डोक्यात एकदा काही शिरलं की मला धीर धरवत नाही. नवरात्राच्या शेवटच्या दिवशी मी जीप पकडून साखरशेतला गेले. भात पोटरीतून बाहेर येऊन वाकायला लागलं होतं. म्हातारा ओट्यावर बसून बांबूच्या कामट्या सोलत होता. मी सांगितलं, असे बारा बुकमार्क हवेत, कोजागरीला.

त्याने मला बसायला सांगितलं, पाणी दिलं, आणि सरळ नाही म्हणाला. म्हणाला तेही मला 'तू' करून. त्या बाजूला सगळ्यांना 'तू'च म्हणतात, साहेबालाही. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही.

"आता बांबू तोडत नाय," तो म्हणाला. "चांदणा भरतंय. दिवाळीनंतर काळोख पडला का तोडू. आता तोडला तर भुंगा लागल."

मी त्याला समजावलं, की अहो बाबा, कोजागरी म्हणजेच पुनव. त्याच्या आधीचे पंधरा दिवस चांदण्याचेच असणार, त्याला मी काय करू? त्यावर त्याने अगदी शांतपणे सांगितलं, की मग कोजागरीला देऊ नको, मागाहून दे. शिवाय बांबू तोडल्यावर तो पंधरा दिवस ओहोळाच्या पाण्यात बुडवून ठेवतो, तेवढे दिवस तरी माझ्याकडे होते का? नव्हते. मला पाच दिवसांत पट्ट्या हव्या होत्या. घरात साठवलेला जुना बांबू नाही का, असं मी विचारलं. तो सगळा सुपांत गेला होता.

मग मी माझं शहाणपण काढलं. म्हटलं, पंचांग बघून लग्नं लावतात हो, बांबू नाही तोडत. चार पट्ट्यांचं तर काम. तो कामटी सोलत राहिला. तेव्हा मी आवाज खाली आणला आणि लाडीगोडी लावल्यासारखं म्हटलं, माझं एवढं एक काम करा बाबा, तुमच्या नातीला मी नियम मोडून दोन-दोन पुस्तकं देते, ठाऊक आहे ना? हे मी हसत म्हटलं. पोरीचं कौतुकच होतं त्यात.

त्याने हातातली कामटी खाली ठेवली. मग उठला आणि भिंतीला अडकवलेला कोयता काढला.

"तू सांगतंस तर तोडतो," तो म्हणाला.

घोडं गंगेत न्हालं, असं मला वाटलं. परतीच्या जीपमध्ये मी भलतीच खुशीत होते.

पट्ट्या वेळेवर आल्या. काचेच्या तुकड्याने घासून गुळगुळीत केलेल्या, वर भोक, भोकात अंबाडीचा दोरा. कोजागरीला मी त्या वाटल्या आणि चार शब्द बोलले. हे साखरशेतच्या बाबांच्या हातचं आहे, चाळीस वर्षांत यांच्या कामाला कधी भुंगा लागला नाही, असं मीच बोलले. उचलली जीभ लावली टाळ्याला. टाळ्या पडल्या. अध्यक्षांना पट्टी इतकी आवडली की शाळेच्या बक्षीस समारंभासाठी त्यांनी शंभराची मागणी तिथल्या तिथे सांगितली. मी पोरीबरोबर निरोप धाडला, या शंभरांना घाई नाही, दिवाळीनंतर तुमच्या सवडीने करा म्हणावं. तेवढं डोकं मला होतं.

मार्गशीर्ष संपत आला आणि अध्यक्ष कापडी पिशवीतून त्यांचा शब्दकोश घेऊन माझ्या टेबलापाशी आले. नोकरीच्या पहिल्या वर्षी घेतलेला कोश, त्याच्या समासात त्यांनी आयुष्यभर बारीक अक्षरात शब्द लिहून ठेवलेत. मला त्यांचा राग येतो, पण त्या कोशाबद्दल आदर आहे. त्यांनी तो उघडला. मधोमध बुकमार्क होता आणि त्याच्या दोन्ही बाजूंना पिवळसर पीठ सांडलं होतं. पट्टीला टाचणीएवढी भोकं. तीच भोकं पुढच्या पानांत, मागच्या पानांत, त्यांच्या अक्षरांतून आरपार. अध्यक्ष ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं, मला ओरडता आलं असतं.

ते म्हणाले, म्हाताऱ्याने तुम्हाला फसवलं बाई. रद्दी माल दिला. मी काही बोलले नाही. चाळीस वर्षं भुंगा लागला नाही म्हणे, असं ते पुढे म्हणाले, आणि मी तेव्हाही काही बोलले नाही. त्या आठवड्यात आणखी तिघे पीठ झाडत आले. त्यांच्यापुढेही मी गप्पच होते. बोलणारी बाई म्हणून माझी ख्याती आहे, हे लक्षात घ्या.

कोश घेऊन मी बाइंडरचाचांकडे गेले. बाजारपेठेत त्यांचं दुकान आहे, आधी त्यांचे वडील बसायचे, आता हे. आमची फाटकी पुस्तकं तेच शिवतात. चाचांनी कोश उजेडात धरला, एका भोकात सुई घालून बघितली, पीठ बोटावर घेऊन चोळलं. कागदाचा किडा असा सरळ जात नाही म्हणाले, हा बांबूतून बाहेर पडताना वाटेत जे आलं ते पोखरत गेला. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघत त्यांनी विचारलं, बाई, बांबू कधी तोडलेला?

मला काय माहीत, असं मी म्हटलं.

चाचांनी पुन्हा विचारलं नाही. आमच्या अब्बांनी घराच्या छपराला बांबू घेतला तेव्हा काळोख्या रात्री येईपर्यंत महिना थांबले होते, एवढंच ते सहज सांगितल्यासारखं बोलले. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, तसं माझं झालं. मी कोश तिथेच ठेवून बाहेर पडले.

जव्हार केवढं? एका टपरीवर कुणी शिंकलं तर दुसऱ्या टपरीवरचा माणूस औषध सांगतो. अध्यक्षांनी शंभरांची मागणी रद्द केली आणि कारण ज्याला त्याला सांगितलं. साखरशेतच्या म्हाताऱ्याच्या कामाला भुंगा लागतो, हे दोन बाजारांत सगळीकडे झालं. खोडाळ्याहून येणाऱ्या एका वाचकाने मला ते बातमी म्हणून सांगितलं, म्हणजे तिथल्या बाजारातही ते पोचलं होतं. आणि दिवस नेमके झोडणीचे. भात घरात येतं, बायका सुपं आणि कणग्या घेतात ते याच दिवसांत. वर्षाचं त्याचं काम या दोन महिन्यांवर.

बाजारच्या दिवशी मी त्याला लांबून पाहिलं. दुपार टळली होती आणि सुपांची चळत होती तशी होती. एक बाई थांबली, तिने सूप उचललं, कानाशी नेऊन बोटाने टिचकी मारून ऐकलं आणि परत ठेवून दिलं. त्याच्या कामाला टिचकी मारून बघताना मी कुणाला पाहिलं नव्हतं. त्याने ते चळतीत नीट लावलं. मी मासळीच्या गल्लीने न जाता देवळामागून वळसा घालून घरी गेले. लाज वाटली. वाटून काय उपयोग, वळसा तर घातलाच.

असे तीन बाजार मी वळसा घातला.

मग एका शनिवारी त्याची नात आली. पुस्तकं परत केली आणि या वेळी एकच घेतलं. मी विचारलं, एकच का गं? अभ्यास आहे म्हणाली. जाता जाता तिने सांगितलं, आजा बाजारात येत नाही आता. सुपं घरीच पडली आहेत. ती हे तक्रार म्हणून सांगत नव्हती, हवापाणी सांगावं तसं सांगत होती.

वाचनालयाच्या पुढच्या बैठकीत मी समितीपुढे उभी राहिले आणि सगळं सांगितलं. म्हातारा नाही म्हणत होता, चांदण्यात बांबू तोडत नाहीत म्हणत होता, पाण्यात ठेवायला हवा म्हणत होता. मी ऐकलं नाही. भुंगा माझ्यामुळे लागला. एवढं बोलायला मी आदल्या दिवसापासून मनाची तयारी केली होती.

अध्यक्षांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाई, तुम्ही शिकलेल्या. चांदण्याने बांबूला कीड लागते? तुम्ही त्या म्हाताऱ्याला पाठीशी घालताय."

बाकीच्यांनी माना हलवल्या. एकाने माझं मन मोठं आहे असंही म्हटलं. हात दाखवून अवलक्षण! खरं सांगितलं तर खोटी ठरले, आणि वर चांगली ठरले. खरं सांगायचं तर मला आधी बरंच वाटलं. सांगून झालं, सुटले. घरी जाऊन चहा ठेवला आणि तो उतू जाईपर्यंत लक्षात आलं नाही, की म्हाताऱ्याचं एक सूपही यातून विकलं जाणार नाही. ज्यांना चांदणं कळत नाही त्यांच्यापुढे मी बोलून आले होते. ज्यांना कळतं त्या बाजारात होत्या.

पुढच्या बाजारी मी मासळीच्या गल्लीत गेले. म्हाताऱ्याची जागा रिकामी होती. शेजारची मासळीवाली तिथे तिच्या टोपल्या पसरून बसली होती. तिला मी सगळं सांगितलं. नवरात्रात तोडायला लावला, पाण्यात ठेवू दिला नाही, पाच दिवसांत मागितला. तिने ऐकता ऐकता बोंबील निवडायचे थांबवले.

"तू?" ती म्हणाली. "चांदण्यात? एवढी शिकलेली बाई?"

हो म्हटलं. तिने पलीकडच्या भाजीवालीला हाक मारून मोठ्याने ते पुन्हा सांगितलं. भाजीवालीने मला वरपासून खालपर्यंत बघून घेतलं. सूप घ्यायला आलेल्या दोघीजणी तिथेच उभ्या होत्या, त्या तर पदर तोंडाला लावून हसल्या. मग त्यातलीच एक म्हणाली, म्हातारा कधी येतो मग? मला कणगी हवी. कुणी पुरावा मागितला नाही, मन मोठं आहे असंही कुणी म्हटलं नाही. काम झालं होतं. आठ दिवसांनी जीपमध्ये मला बघून बायका एकमेकींना कोपर मारत होत्या, आणि माझं जे नवं नाव पडलं होतं ते मला ऐकू येईल इतक्या मोठ्याने म्हणत होत्या. म्हणोत.

ती जीप साखरशेतलाच चालली होती. म्हातारा ओट्यावर होता, तसाच, काचेचा तुकडा हातात. मी सांगितलं, बाजारात तुमची वाट बघतायत, चला. मासळीवालीने आधीच निरोप पाठवला होता, त्याला ठाऊक होतं. येतो म्हणाला. मग त्याने मला घराच्या मागे नेलं. तिथे गोठ्यापासून बराच लांब, एका फणसाला टेकवून, बांबूचे तीन-चार तुकडे उभे करून ठेवले होते. त्यांना लाल चिंधी बांधली होती. बुडाशी पिवळ्या पिठाचे छोटे ढीग.

"हा तुजा बांबू," तो म्हणाला.

बारा पट्ट्या काढून उरलेला. त्याने तो ना सुपाला वापरला होता, ना कुंपणाला, ना चुलीपाशी आणला होता. दुसऱ्या बांबूला लागू नये म्हणून पहिल्या दिवसापासून वेगळा ठेवला होता. आणि घरात, एका पिशवीत, अध्यक्षांनी रद्द केलेले शंभर बुकमार्क तयार होते. दिवाळीनंतरच्या काळोखात तोडलेले, पंधरा दिवस पाण्यात राहिलेले. मी एक हातात घेतला. टिचकी मारली नाही.

इतके दिवस मनात घोळत होतं ते मी शेवटी विचारलं. तुम्हाला एवढं नक्की माहीत होतं, तर तोडलात का बाबा? आणि बाजारात लोक नावं ठेवत होते तेव्हा एकदा तरी सांगायचं होतं, की त्या बाईने तोडायला लावला. कुणीही ऐकलं असतं.

त्याला माझ्या प्रश्नाचं नवल वाटलेलं दिसलं.

"नाय कसा म्हनू?" तो म्हणाला. "तू पोरीला दोन पुस्तकां देतंस."

मला ओट्यावरची ती दुपार आठवली, आणि मी हसत हसत बोललेलं वाक्यही. मी म्हटलं, "बाबा, पुस्तकं मी तिला तशीही दिली असती."

"ता मला काय म्हायती?" तो म्हणाला, आणि ओट्यावर येऊन पुन्हा कामटी घासायला बसला.

सोमवारी मी वाचनालयात गेल्या गेल्या दारावरची पाटी काढली आणि नवी लिहून लावली. आता आमच्याकडे प्रत्येक कार्डावर दोन पुस्तकं मिळतात, कुणालाही. समितीला विचारलं नव्हतं. अध्यक्षांनी कारण विचारलं, ते मी त्यांना सांगितलं नाही. शनिवारी पोरगी आली, पाटीपाशी उभी राहून तिने ती दोनदा वाचली, आणि मग दोन पुस्तकं घेतली.